पुतण्या चंद्रशेखर नव्हे, भाचा चंद्रशेखर

संत्र्याची फोड (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक ढकलपत्र आलं : 'नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. झालेले नोबेल विजेते एस. चंद्रशेखर'. खाली फोटो ताऱ्यांवर काम करणाऱ्या चंद्रशेखरांचा. त्यावर धडाधड अंगठे आणि दोन तिरंगे. मी भीत भीत लिहिलं की बाप्पा, हे दोन वेगवेगळे चंद्रशेखर आहेत. लगेच उत्तर, "दोघंही रामनचे नेफ्यूच ना? मग?"

इंग्रजीची ही पंचाईत. आपल्याकडे नात्याचा एकेक शब्द म्हटला की काम भागतं. नोबेलवाले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हे सी. व्ही. रामन यांच्या थोरल्या भावाचे चिरंजीव, म्हणजे पुतणे. नागपूरवाले शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे बहिणीचे, म्हणजे भाचे. त्यात १९८३ साली पुतण्याला नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी भाचा रॉयल सोसायटीचा फेलो झाला. गोंधळ होणार नाही तर काय.

ग्रुपवर वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून इथे लिहितोय. हा धागा भाच्याबद्दल.

जन्म १९३० चा, कलकत्त्याचा. १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठाची एम.एस्सी. आणि मग थेट बंगळूरला, मामाने काढलेल्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये. तिथला विषय वरवर पाहता अगदी रुक्ष : स्फटिकातून जाताना प्रकाश किती 'वळतो'. दोरीचं एक टोक खुंटीला बांधून दुसरं टोक वर-खाली हलवलं तर लाट उभ्या पातळीत जाते. प्रकाशाचंही तसं करता येतं. अशी एका पातळीत हलणारी किरणं क्वार्ट्जमधून सोडली की ती पातळी हळूहळू फिरत जाते, पिवळ्या प्रकाशाला मिलिमीटरमागे साधारण २२ अंश. कुठल्या रंगाला किती, आणि का, हे मोजत बसणं हे त्यांचं पहिलं काम. नागपूरची डी.एस्सी. त्यावरच.

मग '१८५१ एक्झिबिशन'ची शिष्यवृत्ती घेऊन केंब्रिजला कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत. तिथे विषय पार बदलला : क्ष-किरण आणि न्यूट्रॉन स्फटिकावर आपटतात तेव्हा आतले थर ते पुनःपुन्हा परावर्तित करतात आणि अपेक्षेपेक्षा कमी तीव्रता हाती लागते. ही घट नेमकी किती धरायची? याचं मूळ गणित सी. जी. डार्विन यांचं. (हो, 'त्या' डार्विनचे नातू. आज नातेवाईकांचाच दिवस दिसतोय.)

परत आल्यावर १९६१ मध्ये म्हैसूर विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख. आणि इथे त्यांनी द्रव स्फटिक धरले.

मला जे सांगायचंय ते इथून पुढे. साधारणपणे लिहितात की 'त्यांनी विषय बदलून द्रव स्फटिकांकडे मोर्चा वळवला'. माझ्या मते विषय बदललाच नव्हता. कोलेस्टेरिक नावाचे द्रव स्फटिक असतात. त्यात रेणूंचे थर असतात असं समजा. प्रत्येक थरातले रेणू एका दिशेला तोंड करून, आणि पुढच्या थरात ती दिशा किंचित फिरलेली, त्याच्या पुढच्यात आणखी किंचित. जिन्याच्या वळणासारखं. हे द्रव प्रकाशाची पातळी क्वार्ट्जच्या शेकडो पटींनी जास्त फिरवतात, मिलिमीटरमागे हजारो अंश. आणि वळणाची लांबी प्रकाशाच्या तरंगलांबीएवढी असेल तर तो रंग परावर्तित करतात. कपाळावर चिकटवायच्या ताप मोजण्याच्या पट्टीत रंग बदलतो तो यामुळेच. म्हणजे बंगळूरचा 'वळणारा प्रकाश' आणि केंब्रिजचे 'पुनःपुन्हा परावर्तन करणारे थर' एकाच थेंबात एकत्र. १९६८ मध्ये चंद्रशेखर आणि श्रीनिवास राव यांनी डार्विनचं क्ष-किरणांचं गणित उचलून या द्रवाला लावलं, आणि ते बसलं.

१९७० मध्ये रामन गेले. १९७१ मध्ये चंद्रशेखर परत मामाच्या संस्थेत आले, द्रव स्फटिकांची प्रयोगशाळा उभी करायला. १९७७ मध्ये 'प्रमाण' या आपल्याच नियतकालिकात दहा पानांचा लेख आला : चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश. तोवर ठाम समज होता की द्रव स्फटिक व्हायचा तर रेणू सळईसारखा लांबट हवा. जर्मनीतल्या हाले इथे फोरलँडर यांनी ढिगांनी संयुगं करून हा नियम घालून दिला होता. या तिघांनी दाखवलं की चकतीसारखे रेणूही चालतात. एकावर एक रचून त्यांची चवड होते, आणि अशा चवडी शेजारी शेजारी उभ्या राहतात.

पोळ्यांची चवड डोळ्यांसमोर आणा. एका चवडीत पोळ्यांमधलं अंतर नेमकं नाही, म्हणजे त्या दिशेने तो द्रव. पण चवडी मात्र एकमेकींपासून ठरलेल्या अंतरावर, षटकोनी मांडणीत, म्हणजे त्या दोन दिशांनी तो स्फटिक. अर्धा असा, अर्धा तसा.

नागपूरकरांपैकी कुणी त्यांना ऐकलंय? भेटलंय? लिहा.

---

आगाऊ_बंडू

पहिला! वाखुसा (वाचनखूण साठवली). रात्री निवांत वाचतो. पोळ्यांच्या चवडीपर्यंत आलो आणि भूक लागली.

---

कसारा_स्लो

लेख आवडला, पण मी कॉमर्सवाला, लोकलमध्ये उभ्याने वाचतोय. मुळात 'द्रव स्फटिक' म्हणजे काय ते आधी सांगा की राव. द्रव म्हणजे पाणी, स्फटिक म्हणजे खडीसाखर. दोन्ही एकदम कसं?

आणि एक जुना प्रश्न. मे महिन्यात गाडी उन्हात उभी केली की डॅशबोर्डवरचा डिजिटल डिस्प्ले काळाठिक्कर पडतो. संध्याकाळी आपोआप ठीक होतो. मेकॅनिक म्हणतो वायरिंग. हे तुमच्या खात्यात येतं का?

---

संत्र्याची फोड

कसाराभाऊ, तुमचा दुसरा प्रश्नच पहिल्याचं उत्तर आहे.

१८८८ मध्ये प्रागमधल्या राइनिट्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरिल बेंझोएटचे दोन वितळणबिंदू सापडले. १४५.५ अंशांना ते वितळलं, पण गढूळ. १७८.५ ला तो गढूळपणा गेला आणि नितळ द्रव झाला. मधल्या तेहेतीस अंशांत जे होतं ते द्रव स्फटिक. फलाटावरची गर्दी आठवा. लोक सरकतायत, जागा बदलतायत, म्हणजे द्रव. पण गाडी येताना सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, म्हणजे थोडी शिस्त. गाडी गेली की शिस्तही गेली.

तुमच्या डिस्प्लेत अशीच शिस्तीची गर्दी भरलेली असते, आणि तिची एक तापमानाची वरची मर्यादा असते. ती ओलांडली की रेणूंची तोंडं कुठेही. मग ते प्रकाशाची पातळी फिरवत नाहीत, दोन ध्रुवणपट्ट्यांमधून (एकाच पातळीतला प्रकाश जाऊ देणाऱ्या फिल्म) उजेड पार होत नाही, आणि पडदा काळा. गार झालं की शिस्त परत येते. वायरिंगचा काही संबंध नाही. मेकॅनिकला पैसे देऊ नका.

(आमच्या नागपुरात हा प्रयोग सरकार दर उन्हाळ्यात फुकट करून दाखवतं.)

---

रसायनी_आजी

तीस वर्षं बारावीला सेंद्रिय शिकवलं, म्हणून एक तक्रार. तिघांतले सदाशिव हे रसायनशास्त्रज्ञ, आणि लेखात त्यांच्या वाट्याला नुसतं नाव आलंय. तुम्हा भौतिकवाल्यांना रेणू आयता ताटात हवा असतो.

तो रेणू काय होता ते लिहा ना. मध्ये बेंझिनचं कडं, आणि त्याच्या सहाच्या सहा कोपऱ्यांवर एकेक लांब शेपूट, एस्टरच्या गाठीने बांधलेली. एक शेपूट बांधणं हे पोरखेळ, आमची पोरं प्रॅक्टिकलला करायची. पण सहा? पाच बांधल्या गेल्या आणि सहावी राहिली तर ते वेगळं संयुग, आणि ते मिश्रणात बसून वितळणबिंदू बिघडवणार. सहा हायड्रॉक्सी गट असलेलं बेंझिन तर हवेत नुसतं ठेवलं तरी काळवंडायला लागतं. पुन्हा शेपटी हेप्टॅनॉइक आम्लाची घेतली तर त्याचा वास विसरलेल्या खवट तेलाच्या बरणीसारखा. दोन दिवस हाताचा जात नाही.

हे सगळं करून शुद्ध पदार्थ हाती आला, की मग पुढच्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून 'अहाहा' म्हणायचं. त्या हेप्टॅनोएटचा चवडीवाला टप्पा साधारण ८१ ते ८७ अंश एवढाच आहे. पाच-सहा अंशांची पट्टी. माल जरा अशुद्ध असता तर ती पट्टी दिसलीही नसती आणि तुमचा हा धागाही निघाला नसता.

---

संत्र्याची फोड

आजी, कान पकडले. खरंच राहून गेलं. आणि सुरेश यांचाही उल्लेख हवा. प्रकाशीय निरीक्षणं आणि क्ष-किरण या दोन्ही बाजू भक्कम होत्या म्हणून तो लेख टिकला. नुसतं 'वेगळं काहीतरी दिसतंय' यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

---

काचपट्टी

किती वर्षांनी या विषयावर मराठीत काही वाचलं! मी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला सहा महिने एका प्रयोगशाळेत (नाव नको) याच चकत्यांवर काम केलं. आमचा रेणू बेंझिनचा नव्हता, ट्रायफिनिलीनचा होता. मध्ये जरा मोठी चकती, भोवती पाच-पाच कार्बनच्या सहा शेपट्या.

दिसतं कसं ते सांगते. नमुन्याचा कणभर चुरा काचपट्टीवर, वर पातळ काच, आणि ते सगळं तापवता येणाऱ्या छोट्या मंचावर. सूक्ष्मदर्शकाला दोन ध्रुवणपट्ट्या, एकमेकींना काटकोनात. १३० अंशांपर्यंत तापवलं की आयपीसमध्ये मिट्ट काळोख. नितळ द्रव, शिस्त शून्य. मग मिनिटाला अर्धा अंश अशा गतीने गार करत न्यायचं. १२२ च्या आसपास त्या काळोखात एकदम एक ठिपका उगवतो. मग दुसरा. ठिपक्याला पाकळ्या फुटतात, त्या पसरत शेजारच्या फुलाला भिडतात, आणि मिनिटाभरात अख्खं क्षेत्र पिवळ्या-करड्या फुलांनी भरून जातं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तापमान वहीत लिहायचं विसरले. पुन्हा तापवावं लागलं.

वरची काच सुईने हलकी दाबली की फरक कळतो. सळयांचा साधा नेमॅटिक असेल तर पाण्यासारखा झुळझुळतो, लखलखतो. चवडीवाला दाबला की ग्रीससारखा जागच्या जागी सरकतो.

आता फजिती. सळयांच्या नमुन्यांसाठी आम्ही काचांवर पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकचा थर देऊन तो मखमलीने एकाच दिशेने घासायचो. त्या घासण्याच्या दिशेला रेणू निमूट रांगेत लागतात. दोन काचांत काही मायक्रॉनची फट ठेवायची आणि कडेला थेंब सोडायचा. तो आपोआप आत ओढला जातो. एकदा मी घासलेल्या काचेला मधोमध बोट लावलं आणि मला कळलंही नाही. दोन काचांचा तो सेल भरला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, आणि रेणू माझ्या अंगठ्याच्या रेषा गिरवून बसले होते! सरांनी आयपीसला डोळा लावला आणि शांतपणे विचारलं, "आधारचं केवायसी इथे करतेस का?"

---

आगाऊ_बंडू

केवायसी!! 😂 फुटलो. काचपट्टी ताई, असल्या गोष्टींचा वेगळा धागा काढाच.

अवांतर : नेमॅटिक म्हणजे काय हो?

---

काचपट्टी

सगळ्या सळया एका दिशेला, पण थर वगैरे नाहीत, तो नेमॅटिक. ग्रीक 'नेमा' म्हणजे धागा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात दोऱ्यासारख्या रेषा तरंगताना दिसतात म्हणून. थर असले तर स्मेक्टिक, साबणावरून. म्हणजे हा धागा नावाप्रमाणेच नेमॅटिक आहे : सगळे एका दिशेला, पण कोण कुठे बसलंय याचा पत्ता नाही.

---

भुईनळा

छान चाललंय, म्हणून एक काडी टाकतो.

एक. 'वळणारा प्रकाश अधिक थर बरोबर कोलेस्टेरिक' ही मागाहून ओवलेली माळ आहे. कुठल्याही माणसाच्या चाळीस वर्षांतून सोयीचे मणी उचलले तर माळ होतेच. ते लंडनलाही होते, युनिव्हर्सिटी कॉलेजात आणि रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये. तिथलं का नाही घेतलं माळेत?

दोन. चकतीसारख्या रेणूंचा द्रव स्फटिक १९७७ च्या आधीच पाहिला गेला होता. १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रुक्स आणि टेलर यांनी डांबरासारखं पिच चारशे अंशांवर तापवलं, तर त्यात छोटे छोटे गोळे उगवले, वाढले, एकमेकांत मिसळले. आत चपटे कार्बनी रेणू ओळीने बसलेले. ग्राफाइट होऊ शकणारा कोक त्यातूनच येतो, आणि पुढे कार्बन तंतूही. मी या धंद्यात आहे म्हणून माहीत. तेव्हा 'जगात पहिल्यांदा' लिहिताना जपून.

---

संत्र्याची फोड

भुईनळा, दुसऱ्या मुद्द्याचं आधी. मी 'जगात पहिल्यांदा' लिहिलं नव्हतं, पण वाचताना तसं वाटतं हे खरं. पिचमधला प्रकार मान्यच. पण ते हजारो प्रकारच्या रेणूंचं कडबोळं, आणि तापवताना त्यात रासायनिक क्रियाही चालूच. गार करून परत तापवलं तर तोच प्रवास उलटा होत नाही. कुठला रेणू हे घडवतोय, तेही बोट ठेवून सांगता येत नाही. १९७७ मध्ये एकच शुद्ध पदार्थ होता, रचना माहीत असलेला, ठरलेल्या अंशाला चवड होणारा आणि ठरलेल्या अंशाला मोडणारा, हवं तितक्या वेळा. 'चकतीच पुरे' हे त्यामुळे सिद्ध झालं. शिवाय पिचमधला प्रकार नेमॅटिक, चवडी नाहीत.

पहिल्या मुद्द्यावर अर्धी माघार. १९५२ च्या पोराला पुढे काय होणार हे दिसत होतं असं मी म्हणत नाही. पण माळ मी ओवलेली नाही. १९६८ चा लेख काढून बघा, त्याचं नावच 'द्रव स्फटिकांची प्रकाशाची पातळी फिरवण्याची क्षमता' अशा अर्थाचं आहे आणि आतलं गणित डार्विनचं. दोन्ही मणी त्यांनी स्वतःच ओवलेत. म्हैसूरला पोचल्यावर हाताशी काय आहे ते पाहून 'आपल्याला येतं ते कुठे लागेल' असा शोध घेतलेला दिसतो. लंडनचा मणी मला बसवता आला नाही, कबूल.

---

हलकट_नाही_हलकर

मी इंग्लंडातल्या हलमध्ये असतो (म्हणून हे नाव, गैरसमज नको). इथल्या विद्यापीठातल्या जॉर्ज ग्रे यांनी १९७२-७३ मध्ये सायनोबायफिनिल नावाचे सळईसारखे रेणू बनवले आणि घड्याळं, कॅल्क्युलेटरांचे पडदे शक्य झाले. फाइव्ह-सीबी नावाचा त्यातला प्रसिद्ध रेणू साधारण २२ ते ३५ अंशांत नेमॅटिक असतो. म्हणजे इथे उन्हाळ्यात चालेल, नागपुरात एप्रिलमध्येच राम म्हणेल. म्हणून प्रत्यक्ष पडद्यात मिश्रणं वापरतात, त्यांची मर्यादा वर सरकते.

पण मला बंगळूरच्या एका वेगळ्या कामाबद्दल लिहायचंय, कारण चकत्यांच्या कौतुकात ते झाकलं जातं. या रेणूंच्या एका टोकाला सायनो गट असतो, विद्युतदृष्ट्या फार तिखट. एक टोक धन, एक ऋण. सगळ्यांची तोंडं एका दिशेला म्हटलं तर शेजारी शेजारी धन-धन आणि ऋण-ऋण येणार. ते कसं जमेल? चंद्रशेखर आणि मधुसूदन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं की शेजारी जोडीने उलट-सुलट बसत असणार. लग्नघरात एका गादीवर चार पोरं कशी झोपवतात? एकाचं डोकं इकडे, दुसऱ्याचं तिकडे. गादी तीच, दिशा तीच, पण डोकी आलटून पालटून. तसंच. त्यावरून त्यांनी डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ विद्युतक्षेत्राला किती साद देतो त्याचा आकडा) शिस्त लागताना कसा बदलेल तेही सांगितलं. मागाहून क्ष-किरणांनी इंग्लंडात दाखवलं की फाइव्ह-सीबीमध्ये पुनरावृत्तीचं अंतर रेणूच्या लांबीच्या सुमारे १.४ पट आहे. एकही नाही, दोनही नाही. म्हणजे पोरं एकमेकांवर अर्धीमुर्धी सरकून झोपलेली.

चकत्या सुंदर आहेत, पण माझ्या मते पडद्याच्या धंद्याला ही समज जास्त जवळची होती.

---

आगाऊ_बंडू

म्हणजे १९७७ च्या चकत्यांचा उपयोग काय झाला? की नुसतीच पोळ्यांची चवड?

आणि नोबेल का नाही? १९९१ मध्ये त्या फ्रेंच दे जेन यांना द्रव स्फटिकांवरच मिळालं ना? आमच्या माणसाला डावललं.

---

काचपट्टी

उपयोग तुझ्या डोळ्यांसमोरून गेलाय. जुने एलसीडी पडदे आठव, बाजूने पाहिलं की चित्र उलट्या निगेटिव्हसारखं व्हायचं. तिरकं पाहिलं की सळयांतून उजेड नको तिथे गळतो. सळईचा हा दोष चकती नेमका उलटा करून फेडते. १९९० च्या दशकाच्या मध्यात फुजीने ट्रायफिनिलीनच्या चकत्यांचा पातळ थर दिलेली फिल्म बाजारात आणली. पडद्यावर ती चिकटवली की बाजूने बसलेल्यालाही चित्र दिसायला लागलं. म्हणजे ऑफिसात शेजारचा तुझ्या पडद्यात डोकावतो, त्यात या चकत्यांचाही हात आहे.

दुसरं म्हणजे चवडीच्या बाजूने विद्युतभार भराभर सरकतो, तारेसारखा, आणि भोवतीच्या शेपट्या वेष्टनासारख्या. त्यावर अजून काम चालू आहे.

---

संत्र्याची फोड

बंडू, नोबेलचं काश्मीर करू नकोस, त्यासाठी वेगळा धागा काढ. दे जेन यांचं काम एका पदार्थाचं नव्हतं. चुंबक, द्रव स्फटिक, बहुवारिकं (पॉलिमर) यांना एकच विचार कसा लागतो हे त्यांनी दाखवलं. तुलना मला तरी पटत नाही. भाच्याला रॉयल सोसायटीचं रॉयल मेडल मिळालं, १९९८ मध्ये पद्मभूषण मिळालं. फार कोपऱ्यात राहिलेला माणूस नव्हे.

मला कौतुक वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. १९७३ च्या डिसेंबरात त्यांनी बंगळूरला द्रव स्फटिकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. म्हणजे चकत्यांच्या आधी चार वर्षं. १९७७ चा लेखही परदेशी नियतकालिकाकडे न धाडता 'प्रमाण'मध्ये दिला, आणि जगाला तो तिथे येऊन वाचावा लागला. रामन यांनाही भारतीय नियतकालिकांचा असाच आग्रह होता. मामाचा गुण म्हणा.

निवृत्तीनंतर भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या आधाराने जालहळ्ळीला द्रव स्फटिकांचं वेगळं केंद्र काढलं. तेच आता मृदू आणि नॅनो पदार्थांची संस्था म्हणून बंगळूरला चालू आहे. २००४ मध्ये ते गेले.

---

रसायनी_आजी

जाता जाता माझ्याकडून एक. त्या १९७३ च्या परिषदेच्या सुमाराचंच बंगळूरचं काम आहे आणि मला चकत्यांहून जास्त आवडतं. पॅरामिथॉक्सीबेंझोइक आम्ल. साधं नाव ॲनिसिक आम्ल, बडीशेपेच्या वासाच्या ॲनिसवरून. हे बापडं साध्या दाबाला सरळ वितळतं, स्फटिकाचं द्रव, मधला टप्पा नाही. यांनी ते जबर दाबाखाली तापवलं, तर मध्ये द्रव स्फटिकाचा टप्पा उगवला! दाब काढला की गायब. इथॉक्सीवाल्या भावंडाचंही तेच.

वर्गात मी सांगायचे, पदार्थाच्या अंगात काय आहे ते बाटलीवरच्या लेबलात लिहिलेलं नसतं. पोरांना वाटायचं मी परीक्षेच्या दडपणाबद्दल बोलतेय.

---

भुईनळा

आजी, हे मला माहीत नव्हतं. काडी टाकल्याचं सार्थक झालं.

धागाकर्ते, त्या ग्रुपवर पुढे काय झालं?

---

संत्र्याची फोड

काय होणार? फोटो बदलला. आता त्या मजकुरावर रामनचा फोटो आहे.

---

कसारा_स्लो

सगळा धागा दोन फेऱ्यांत वाचला, कल्याणच्या पुढे बसायलाही मिळालं. रविवारी घरी बंद पडायला आलेला कॅल्क्युलेटर उघडला, कुणी मला दोष देऊ नये. पडद्यावरची वरची फिल्म ब्लेडने सोलली. आकडे गायब! नुसती करडी काच. फिल्म डोळ्यांसमोर धरली की आकडे परत. चतकोर फिरवली की सगळं उलटं, काळ्यावर पांढरे आकडे. पोरगी ती फिल्म घेऊन घरभर फिरतेय, मोबाइलसमोर धरून गोल फिरवते आणि एका ठिकाणी पडदा काळा झाला की किंचाळते.

पण आता फिल्म तशी फिरवून बसेना. कापलेली आयताकृती आहे, चतकोर फिरवली तर मापात येत नाही. मग मी तीच पालथी घालून ठेवली आणि चक्क तेच झालं, काळ्यावर पांढरे. हे कसं?

---

काचपट्टी

वा! त्या फिल्मची ध्रुवणाची दिशा बहुतेक कडेला तिरपी, ४५ अंशांत असते. पालथी केली की डावीकडचा तिरपा उजवीकडे जातो, म्हणजे काटकोन फिरलाच. तुम्ही न फिरवता फिरवली.

---

कसारा_स्लो

असं होय. पण पालथी घातल्यामुळे गोंदाची बाजू वर आली, बोट चिकटतं. कडेने सेलोटेप मारलाय. बायको त्याच्यावर वाण्याचा हिशोब करतेय आणि विचारतेय की आकडे पांढरे असले तर बेरीज बरोबर धरायची का.